रोहूचं वय : दोन विरुद्ध एक

परभणी-हिंगोली पट्ट्यातला एक लघु पाटबंधारे तलाव. मासेमारीचा ठेका गावातल्याच भोई समाजाच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे. २०१८ चा पावसाळा मराठवाड्यात तुटीचा गेला, तळं दिवाळीनंतरच आकसायला लागलं आणि जानेवारीत जाळं टाकलं की मासा भरभरून यायला लागला. पण रोहू बहुतेक अर्ध्या किलोच्या आतबाहेर. तिथून संस्थेचं आणि बोटुकली, म्हणजे तळ्यात सोडायची बोटाएवढी पिल्लं, पुरवणाऱ्याचं वाजलं.

संस्थेचं म्हणणं, हा २०१६ च्या बियाण्याचा मासा. अडीच वर्षांत एवढाच भरला, म्हणजे बियाणं निकृष्ट. पुरवठादाराचं म्हणणं, हा २०१७ चा मासा. २०१६ चा माल तुम्ही केव्हाच विकून खाल्लात, आता दोष आमच्या माथी मारू नका. २०१८ मध्ये पाणी पुरेसं नव्हतं, त्यामुळे बोटुकली सोडलीच नव्हती. पावत्या दोघांकडे होत्या, पण पावतीवर बोटुकलीची संख्या असते. जाळ्यात आलेला मासा कोणत्या पावतीचा, हे पावती सांगत नाही.

संस्थेचे चेअरमन जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात आले आणि म्हणाले, वय काढून द्या. विभागाने ते काम घेतलं. मी तिथे संख्याशास्त्र शिकवतो. माशाचं वय त्याच्या कानातल्या खड्यांवरून वाचतात. ते वाचणं माझं काम नव्हे, वाचून झालेले तक्ते माझ्याकडे आले. तलावाचं, संस्थेचं, कॉलेजचं नाव देत नाही. प्रकरण शिकवण्याच्या अंगाने मांडलंय आणि आकडेही हिशेब समजेल एवढेच घेतलेत.

खड्यात काय दिसतं

माशाच्या आंतरकर्णात दोन्ही बाजूंना तीन-तीन, असे सहा खडे असतात: सॅजिटा, लॅपिलस आणि ॲस्टेरिस्कस. बोलताना कानातलं हाड म्हणतात, पण ते हाड नव्हे. तो कॅल्शियम कार्बोनेटचा खडा, ऑटोलिथ. मासा वाढतो तसा त्यावर थर चढत जातो आणि एकदा चढलेला थर सहसा परत विरघळत नाही. खवल्याचं तसं नाही. खवला गळतो, नवा येतो, उपासमारीत त्याची कड झिजतेही. म्हणून वयासाठी खवल्यापेक्षा खड्यावर भरवसा जास्त. खवल्यावरून कार्पचं वय सांगण्याची पद्धत हॉफबाउर यांनी १८९८ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी राइबिश यांनी प्लेस या समुद्री माशाच्या खड्यातली वलयं मोजली. म्हणजे विद्या सव्वाशे वर्षांची आहे.

समुद्री माशांत बहुधा सॅजिटा सगळ्यांत मोठा असतो. घोळ किंवा ढोम्याच्या कुळातले खडे तर हातात घेऊन बघण्यासारखे. रोहू-कटल्याच्या कुळात सॅजिटा लांबट, बारीक आणि इतका ठिसूळ की काढतानाच मोडतो. त्यामुळे इथे लॅपिलस घेतात. मुंडकं उभं चिरायचं, मेंदू अलगद बाजूला सारायचा, की त्याच्या दोन्ही अंगांना पातळ पडद्यात लॅपिलस सापडतो, जेमतेम काही मिलिमीटरचा. तो धुऊन, वाळवून रेझिनमध्ये बसवायचा आणि ओल्या पॉलिश पेपरवर गाभा उघडा पडेपर्यंत घासायचा. हे घासणं म्हणजे निव्वळ संयमाचं काम. दोन फेरे जास्त झाले की गाभाच निघून जातो आणि पहिलं वलय त्याच्याबरोबर.

मग खडा काळ्या पार्श्वभूमीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा आणि वरून उजेड टाकून सूक्ष्मदर्शकातून बघायचा. दुधी पट्टा, मग गडद पट्टा, पुन्हा दुधी. दुधी पट्टा बहुधा भरभर वाढीचा, गडद पट्टा मंद वाढीचा. हाच खडा खालून उजेड टाकून बघितला तर सगळं उलटं दिसतं: दुधी पट्टा काळा आणि गडद पट्टा उजळ. वलयांची संख्या बदलत नाही, पण कडेला कोणता पट्टा आहे हे नेमकं उलटं नोंदवलं जातं. एकाने वरून उजेड घेतला आणि दुसऱ्याने खालून, तर तक्ता जुळणार कसा? पहिल्या फेरीत ही गोष्ट कुणी ठरवूनच घेतली नव्हती. तिघांनी आपापल्या सवयीने बघितलं.

थंड देशांत हे मोजणं त्यातल्या त्यात सोपं. हिवाळ्यात वाढ थांबते, वर्षाला एक वलय पडतं. आपल्याकडे वाढ कशाने अडते हे जागेवर ठरतं. मलबार किनाऱ्यावरच्या लेपाच्या जातीच्या माशावर शेषप्पा आणि भीमाचार यांनी १९५० च्या दशकात काम केलं, तेव्हा खवल्यावरचं वलय पावसाळ्यातल्या उपासमारीने पडतं असं त्यांना दिसलं. म्हणजे ज्या ऋतूत आपल्या तळ्यातला मासा फुगतो, त्याच ऋतूत तिकडचा मासा उपाशी. मराठवाड्यातल्या तळ्यात तर वाढ अडायला वर्षातून दोन कारणं मिळतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा एक आकडी होतो, पाणी गारठतं आणि रोहू खाणं कमी करतो. मग एप्रिल ते जून पाणी आटतं, मासा दाटतो, प्राणवायू आणि खाद्य दोन्ही कमी पडतात. पाऊस पडला, नवं पाणी आलं, की एकदम वाढ सुटते.

सगळं भांडण पुढे या दोन अडथळ्यांपाशीच येऊन थांबलं.

वाचणारे तिघे

एक सर. त्यांची बरीच वर्षं कोकण किनाऱ्यावर समुद्री माशांचे खडे बघण्यात गेलेली. एक मॅडम. त्यांचा हात खवल्यांवर बसलेला, खडे त्या मानाने नवे. तिसरी संशोधक विद्यार्थिनी, सरांच्या हाताखाली शिकलेली. माशाची लांबी, वजन, तलावाचा इतिहास यातलं काहीही तिघांना सांगितलं नव्हतं. ही एक गोष्ट विभागाने पहिल्यापासून नीट केली. वाचणाऱ्याला मासा मोठा आहे हे कळलं की डोळा आपोआप एखादं वलय जास्त शोधतो. त्यात लबाडी नसते, पण व्हायचं ते होतंच. खड्यांना नुसते क्रमांक होते, तेही उलटसुलट लावलेले. प्रत्येकाने एकेक खडा मध्ये काही दिवस जाऊ देऊन दोनदा वाचला.

तक्ते आले. सर आणि विद्यार्थिनी यांचं जवळजवळ प्रत्येक खड्यावर जुळत होतं. मॅडमचं दोघांशी जवळजवळ कुठेच नाही. लहान माशांना सर म्हणत २, विद्यार्थिनी २, मॅडम १. मोठ्या, किलोच्या वरच्या माशांना सर ४, विद्यार्थिनी ४, मॅडम २. दुसऱ्यांदा वाचताना विद्यार्थिनीचे आकडे क्वचितच बदलले. मॅडमचे मात्र काही ठिकाणी बदलले, आज १ तर नंतर २.

विभागाच्या बैठकीत सूर असा की बहुमत घ्यावं. दोन जण एका बाजूला, त्यातले एक सर्वांत अनुभवी. विद्यार्थिनीचं स्वतःशी सातत्य उत्तम. तिसऱ्या मॅडम खड्यांत नव्या आणि स्वतःच डळमळीत. लहान मासा २ वर्षांचा म्हणजे २०१६ च्या बियाण्याचा, संस्थेची तक्रार खरी, अहवाल लिहून टाका. खरं सांगायचं तर नुसता तक्ता बघून दुसरं काही म्हणायला जागा नव्हती. चेअरमनही बाहेर बसलेलेच होते.

टक्क्यांत काय लपतं

खडे वाचणाऱ्यांचं आपसात किती जुळतं हे सांगायची सगळ्यांत साधी रीत म्हणजे टक्केवारी: शंभरातल्या किती खड्यांवर आकडा तंतोतंत तोच आला. ऐकायला बरी वाटते, पण तिच्यात मोठं छिद्र आहे. दोन वर्षांच्या माशात एका वर्षाची चूक म्हणजे निम्मी चूक. वीस वर्षांच्या माशात तीच चूक किरकोळ. टक्केवारीला दोन्ही सारख्याच. ही अडचण ओळखून बीमिश आणि फूर्निए यांनी १९८१ मध्ये सरासरी टक्के त्रुटी काढायचं सूत्र दिलं: प्रत्येक वाचन त्या माशाच्या सरासरी वयापासून किती दूर, त्याचा सरासरीशी भागाकार. पुढच्या वर्षी चँग यांनी त्याऐवजी प्रमाण विचलन (वाचनं सरासरीभोवती किती पसरली त्याचं माप) भागिले सरासरी, म्हणजे सीव्ही, वापरावा असं सुचवलं. दोघेच वाचणारे असतील तर दुसरा आकडा पहिल्याच्या बरोबर १.४१ पट येतो, त्यामुळे कोणता वापरला ते सांगितलं की पुरे. न सांगता एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघणारे लोकही असतात.

इथे करून बघू. मोठ्या माशाची वाचनं ४, ४, २. सरासरी ३.३३, प्रमाण विचलन १.१५, सीव्ही ३४.६ टक्के. लहान माशाची वाचनं २, २, १. सरासरी १.६७, प्रमाण विचलन ०.५८, सीव्ही पुन्हा ३४.६ टक्के.

दोन्हीकडे एकच आकडा आला, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत बोलकी गोष्ट तीच. वाचणाऱ्यांत फरक पहिल्या वलयावरून असता, म्हणजे एक जण गाभ्याजवळचं वलय धरतो आणि दुसरा सोडतो, तर फरक कायम एक वर्षाचाच राहिला असता आणि वय वाढेल तसा सीव्ही घसरला असता. १ आणि २ या वाचनांचा सीव्ही ४७ टक्के, २ आणि ३ चा २८, १० आणि ११ चा सात टक्क्यांच्या आत. इथे तो घसरत नव्हता. एकाचं वाचन दुसऱ्याच्या दुप्पट, लहानातही आणि मोठ्यातही. असा फरक नजर चुकल्याने पडत नाही. वलय कशाला म्हणायचं यावरच दोन पक्ष होते. एक पक्ष वर्षाला दोन वलयं मोजत होता किंवा दुसरा पक्ष निम्मी सोडून देत होता.

आणखी एक. सीव्ही पाच टक्क्यांच्या आत असला की वाचन चांगलं, असं सर्रास म्हटलं जातं. कंपाना यांच्या २००१ च्या आढाव्यातून हा पाचाचा आकडा जगभर गेला. त्यांनी तो संदर्भापुरता दिला होता. सगळ्या जातींना एकच उंबरठा लावता येत नाही, हेही तिथेच आहे. आपल्या तळ्यातल्या एक-दोन वर्षांच्या रोहूला तो लावून बघा. एका खड्यावर दोघांत १ आणि २ असा फरक पडला की त्या खड्याचा सीव्ही ४७. सरासरी पाचात ठेवायची तर नऊ-दहा खड्यांमागे एकाच ठिकाणी फरक चालेल. कमी वयाच्या माशात ही अट फार कडक आणि जुन्या माशात फार सैल. आणि सर-विद्यार्थिनी ही जोडी ती अट सहज पार करत होती! पुढे काय निघालं ते बघता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सीव्हीला दिशा नसते. कोण वर, कोण खाली हे तो सांगत नाही. त्यासाठी एकाची वाचनं आडवी आणि दुसऱ्याची उभी मांडून चौकोनी तक्ता करायचा. दोघांचे आकडे जुळले की नोंद तक्त्याच्या तिरप्या ओळीवर, म्हणजे कर्णावर पडते. चुका नुसत्या डुलक्या असतील तर कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारख्या विखुरतात. एकाच बाजूला गोळा झाल्या तर कुणाचा तरी कल आहे. बोकर यांची सममितीची चाचणी हेच आकड्यात तपासते. सर आणि मॅडम यांचा तक्ता मांडला तेव्हा चाचणी लावायचीही गरज पडली नाही. कर्ण जवळजवळ रिकामा, सगळे मासे एका कोपऱ्यात.

पण यातून फक्त मतभेदाचं रूप कळतं. बरोबर कोण, हे या कुठल्याच आकड्यातून निघत नाही. एकाच घराण्यातल्या दोन गवयांची तान जुळली म्हणून ती रागाला धरून आहे असं होत नाही. विद्यार्थिनी सरांकडेच शिकली होती. त्या दोघांचं जुळणं म्हणजे दोन स्वतंत्र साक्षी नव्हत्या. एकाच साक्षीच्या दोन प्रती होत्या. बहुमताचा मुद्दा माझ्या लेखी तिथेच संपला.

तळं कोरडं होतं

बैठकीत कुणीतरी चेअरमनना आत बोलावलं आणि सांगितलं की लहान मासे दोन वर्षांचे दिसतात, मोठे चार वर्षांचे. पहिलं ऐकून ते खूश झाले. दुसरं ऐकल्यावर मात्र त्यांनी मान हलवली.

"चार वर्सं? कसं काय सर? २०१६ च्या उन्हाळ्यात तळ्यात टिपूस नव्हता. आमची पोरं तळ्यात किरकेट खेळायलती. मासा काय चिखलात झोपलता का?"

चिखलात झोपणारे मासे असतात. मरळ हवेतून श्वास घेतो आणि ओल्या गाळात तग धरतो. रोहूला ते जमत नाही. आणि २०१६ चा उन्हाळा म्हणजे तोच, ज्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. तळ्याच्या भेगाळलेल्या तळाचे, गाळ भरणाऱ्या ट्रॅक्टरचे फोटो चेअरमनच्या मोबाइलमध्येच होते, तारखेसकट. त्या वर्षी सप्टेंबरअखेर जोराचा पाऊस झाला, तळं भरलं आणि ऑक्टोबरात बोटुकली सोडली.

रोहू, कटला, मृगळ हे साचलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ च्या जुलैत कटकला हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांना पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण करून घेण्यात यश आलं, तेव्हापासून बियाणं हॅचरीतून मिळायला लागलं. म्हणून अशा छोट्या तळ्यातला रोहू हा सोडलेलाच असतो आणि एका खेपेतले सगळे मासे जवळपास एकाच पावसाळ्यात जन्मलेले असतात.

आता हिशेब साधा होतो. २०१६ च्या पावसाळ्यात जन्मलेला मासा २०१९ च्या जानेवारीत अडीच वर्षांचा. त्याने दोन उन्हाळे पाहिले, २०१७ चा आणि २०१८ चा. त्याच्याहून जुना सोडलेला रोहू या तळ्यात असूच शकत नाही. २०१७ च्या माशाने एकच उन्हाळा पाहिला. दर साल एक वलय धरलं तर वयाचं छत दोनवर येतं. सर आणि विद्यार्थिनी यांचे ४ छत फोडून वर गेले होते. पण हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही मोजले तर २०१६ च्या माशात वलयं नेमकी चार भरतात आणि २०१७ च्या माशात दोन. म्हणजे सरांना जे दिसलं ते खड्यात होतंच. चार पट्टे होते, त्यांची वर्षं मात्र दोनच होत होती.

संस्थेची तक्रार ज्या २ या आकड्यावर उभी होती तो आकडाही मग दुप्पट मोजलेला १ ठरतो. लहान मासा २०१७ चा. चेअरमननी ज्या गोष्टीवर बोट ठेवलं, तिनेच त्यांचं प्रकरण ढिलं झालं. हे त्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

वयाची पडताळणी ही मत्स्यशास्त्रात विसरली गेलेली अट आहे, अशी तक्रार बीमिश आणि मॅकफार्लेन यांनी १९८३ मध्येच केली होती. खोल समुद्रातल्या ऑरेंज रफी या माशाचं आयुष्य आधी थोडकं धरलं गेलं. पुढे किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजमापाने तो शंभरी ओलांडतो असं दिसलं, तोवर न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडचे साठे बेसुमार उपसून झाले होते. तिथे पडताळणीला प्रयोगशाळा लागली. इथे दुष्काळानेच ती करून ठेवली होती.

एकाला चार का, एकीला दोन का

सर चुकले आणि मॅडम जिंकल्या अशी ही गोष्ट नाही. दोघांना सूक्ष्मदर्शकासमोर शेजारी बसवलं आणि एकच खडा पडद्यावर मोठा करून दाखवला. सरांनी गाभ्यापासून कडेकडे एक रेषा धरली, जिथे पट्टे सर्वांत स्वच्छ दिसतात ती, आणि त्या रेषेवरचे गडद पट्टे मोजत गेले. मोठ्या सॅजिटावर काम केलेल्या माणसाची ही रीतच असते आणि तिथे ती चालतेही. मॅडमनी मात्र प्रत्येक पट्ट्यावरून बोट खड्याभोवती पूर्ण फिरवलं. खवल्यावर खरं वलय ओळखायची खूण तीच: ते सगळीकडून सलग जातं. एक पट्टा ठळक, वळसा पूर्ण. दुसरा फिकट, अर्ध्या वाटेत पोटाकडच्या बाजूला विरून गेलेला. पुन्हा ठळक, पुन्हा फिकट. फिकट पट्टे मॅडमनी धरलेच नव्हते.

ठळक वलयाबाहेरचा दुधी पट्टा एकदम रुंद सुरू होत होता. नवं पाणी आल्यावर वाढ सुटते ती हीच. म्हणून ठळक वलय उन्हाळ्याचं आणि फिकट पट्टा थंडीचा, असं या तळ्यापुरतं धरलं. दुसऱ्या तळ्यात, जिथे उन्हाळ्यातही पाणी टिकतं, तिथे उलटं असू शकेल. याची खरी परीक्षा म्हणजे वर्षभर दर महिन्याला मासे घेऊन कडेला कोणता पट्टा चढतोय ते बघणं. पण त्या वर्षी हे तळं मेपर्यंत आटणार होतं, तेव्हा ज्या महिन्यांची गरज त्याच महिन्यांत मासा नसणार!

मॅडमचं डळमळणं कुठून आलं तेही दिसलं. गाभ्याजवळ काही खड्यांत एक बारीक खूण होती. बोटुकली पिशवीत भरून आणताना आणि नव्या पाण्यात सोडताना मासा ताणात येतो, तेव्हा अशी खूण पडू शकते. ती कधी वर्षाचं वलय धरली, कधी नाही, म्हणून १ चे २ आणि २ चे १. म्हणजे अचूकतेत पुढे असलेल्या वाचणारीचं सातत्य कमी आणि सातत्यात पहिली आलेली विद्यार्थिनी सलग दुप्पट. ती बिचारी काही दिवस कुणाशी बोलायला तयार नव्हती. तिला एवढंच सांगितलं की नियम बदलला तर तुझाच तक्ता सगळ्यांत आधी दुरुस्त होईल, कारण निम्मे केले की झालं. मॅडमचे मात्र एकेक करून बघावे लागणार.

दुसरी फेरी

यावेळी आधी नियम लिहिले. उजेड वरून, पार्श्वभूमी काळी, सगळ्यांना एकच. वळसा पूर्ण असेल तरच वलय. गाभ्यापासून पहिल्या वलयाचं अंतर मोजून नोंदवायचं.

वाचणाऱ्याने वय सांगायचंच नाही, हा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याने फक्त वलयांची संख्या आणि कड, दुधी की गडद, एवढंच लिहायचं. मासा पकडल्याची तारीख दुसऱ्याच माणसाकडे ठेवायची आणि संख्येवरून वय त्याने काढायचं. वाढदिवस सगळ्या माशांचा १ जुलै धरला. मे महिन्यातल्या माशाच्या कडेला नुकतं वलय दिसत असेल तर ते मोजायचं की नाही यावरून दोन शहाणी माणसं एका वर्षाने वेगळी पडतात. तो निर्णय वाचणाऱ्याच्या हातातून काढून घेतला की निम्मी भांडणं मिटतात.

आणि ताडून बघायला वय माहीत असलेले खडे हवेत. ते मिळाले शेततळ्यांतून. आसपासच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी शेततळ्यात रोहू सोडला होता, सोडल्याची तारीख वहीत होती आणि शेततळ्यात बाहेरचा मासा यायचा प्रश्न नव्हता. खायला घातलेल्या माशाचं वलय फिकट पडतं, त्यामुळे ही तुलना पूर्ण निर्दोष नाही. पण पहिलं वलय गाभ्यापासून साधारण किती लांब असतं हे त्यातून पक्कं झालं आणि त्याच्या बरंच आतली खूण बोटुकली सोडतानाची हेही. हे खडे दर बैठकीच्या सुरुवातीला मिसळून वाचायला ठेवले. डोळा हळूहळू सरकतो, महिन्याभरापूर्वी न धरलेली रेघ आज धरली जाते. तो सरकला की या खड्यांवर लगेच दिसतं.

दुसऱ्या फेरीत तिघांचे आकडे बहुतेक ठिकाणी एक झाले. उरलेले फरक एक वर्षाचे आणि दोन्ही बाजूंना विखुरलेले, म्हणजे आता साध्या डुलक्या. एक मासा मात्र अडला. चांगला अडीच किलोचा, तिघांच्याही मते छताच्या वर, पूर्ण वळशाची वलयं दोनपेक्षा जास्त. तळ्याच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आणि काही शेततळी आहेत, सांडव्यावरून तो खाली आला असेल. त्याच्यासाठी नियम वाकवला नाही. नोंद वेगळी ठेवली आणि अहवालातल्या हिशेबातून तो वगळला, वगळल्याचं लिहूनही ठेवलं.

अहवालानंतर

अहवालात लिहिलं: अर्ध्या किलोच्या आसपासचा रोहू २०१७ च्या खेपेचा, वय दीड वर्ष. किलोच्या वरचा २०१६ च्या खेपेचा. नीट खाद्य दिलेल्या तळ्यात रोहू वर्षात पाऊण ते एक किलो होतो. बिनखाद्याच्या, आटत्या तळ्यात दीड वर्षात अर्धा किलो ही काही लाजिरवाणी वाढ नाही. बियाणं निकृष्ट होतं असं या खड्यांवरून म्हणता येत नाही. चांगलं होतं असंही नाही. त्यासाठी दुसऱ्या बियाण्याचा मासा त्याच पाण्यात वाढवून बघावा लागेल.

पुरवठादाराने अहवालाची प्रत मागून नेली. संस्थेने तक्रार मागे घेतली नाही, पण पुढे रेटलीही नाही. पुढच्या खेपेला काही बोटुकली ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या द्रावणात ठेवून वेगळ्या शेततळ्यात सोडायची असं विभागाने ठरवलं. ते औषध खड्यात बसतं, अतिनील उजेडात त्याची रेघ चमकते आणि त्या रेघेबाहेर वर्षात किती वलयं पडली हे थेट मोजता येतं. त्या शेततळ्यातला मासा बाजारात जाणार नाही, एवढी अट घातली.

मॅडमनी चेअरमनना आणखी एक गोष्ट सांगून बघितली. २०१६ चा मासा किलोच्या वर गेलाय, म्हणजे दीड वर्षाच्या माशाला अजून एक पावसाळा मिळाला तर वजन दुप्पट होतं. जाळ्याची आस, म्हणजे विणीतलं भोक, मोठी घ्या, लहान मासा सुटू द्या.

"मॅडम, तुमचं पटायलंय," चेअरमन म्हणाले, "पर ठेक्याचे पैसे आमी मार्चात भरायचे, आन् तळं मे म्हैन्यात आटायलंय. सोडलेला मासा ठिवायचा कुटं?"

त्या वर्षी संस्थेने आस बदलली नाही. पाणी एप्रिलातच तळाला गेलं आणि होता तो सगळा मासा त्याआधी काढून विकला.